अकराव्या किलोमीटरची ठिगळं

पांढुर्ण्याहून सौंसरला जाणाऱ्या बसमध्ये झोपायचं असेल तर नवव्या किलोमीटरच्या दगडापर्यंत दम धरावा लागे. त्याआधी डोकं खिडकीच्या गजावर आपटत राहायचं. नवव्यापासून बाराव्यापर्यंत मात्र बस पाण्यावर चालल्यासारखी चालायची. हे चार किलोमीटर सुखदेव मेटाच्या, म्हणजे रस्तेदुरुस्तीच्या मुकादमाच्या, गँगकडे होते, शहाऐंशी साल धरून बावीस वर्षं.

त्या चारातला अकरावा त्याचा लाडका. शहाणा म्हणून लाडका नव्हे. घरात एक पोर कायम सर्दी-तापाचं असतं, आईचा हात सारखा त्याच्याच कपाळावर, तसा. नववा, दहावा, बारावा मुरमाड जमिनीवरून गेलेले. त्यांना वर्षातून दोनदा पाहिलं की झालं. अकरावा गेला होता काळ्या मातीतून, दोन्ही अंगांना संत्र्याचे बगीचे, बगिच्यांना पाटाचं पाणी. आज भरलेला खड्डा तिथे पोळ्याला पुन्हा उघडायचा, पोळ्याचा दिवाळीला. सुखदेव पुन्हा भरायचा. डांबर हाती असलं तर सात दिवसांच्या वर तिथे खड्डा जगला नाही, आणि याचा सुखदेवला असा अभिमान होता की तो अभिमान कोणाला दिसू नये म्हणून तो रोडबद्दल बोलताना मुद्दाम तोंड वाकडं करायचा.

मार्चअखेर तो रिटायर होणार होता.


शनिवार. दोन कागद

सब-इंजिनियर मोरेश्वर मूळचा पांढुर्ण्याचाच, मास्तरांचा मुलगा, नोकरीला दोन वर्षं झालेली. राजदूत गाडी निंबाखाली लावून तो सुखदेवजवळ दगडावर बसला. मांडीवर दोन कागद.

"सुखदेवजी, एक गोष्ट मागतो. द्याल?"

"मागा ना जी."

"गुरुवारी मोठे साहेब रोड पाहायला येऊन राहिले. तोवर अकराव्याला हात लावू नका."

"म्हनजे गड्डे तसेच?"

"तसेच."

"किती हायेत ठाऊक हाय का तुमाले? एकेचाळीस. डांबराची वाट पाहून राहिलो."

"म्हणूनच तर. मोजू द्या त्यांना."

"साहेब, पाहुना येनार म्हनून कोनी घरात उकिरडा करते का?"

"आणि डॉक्टर येणार म्हणून कोणी पावडर लावून बसतं का?"

सुखदेव हसला. "मास्तरचे पोरगे तुमी. बोलन्यात कोन हारवन तुमाले."

मग मोरेश्वरनं कागद दाखवले. एका कागदात चारही किलोमीटरांवर वरून डांबराचा एक पातळ थर. जानेवारीत काम संपेल. दुसऱ्या कागदात बाकी तिघांना काहीच नाही. फक्त अकरावा मुळापासून खणायचा, काळी माती काढायची, मुरूम, दगड, गिट्टी, बाजूच्या नाल्या, सगळं नव्यानं. वरून जे मंजूर होणार त्यात दोन्हीतलं एकच बसत होतं. मोठे साहेब गुरुवारी डोळ्यांनी पाहून ठरवणार होते.

"वरून थर दिला तर दोन पावसाळे निघतील," मोरेश्वर म्हणाला.

"दोन कायचे. एक," सुखदेव म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला वाटलं, आपण उगाच बोललो.

"मग ठरलं ना? हात लावणार नाही?"

"नाई लावत."

मोरेश्वर गाडीला किक मारून गेला. सुखदेव आपल्या मांडीकडे पाहत बसला, जणू ते दोन कागद आता तिथे होते. जानेवारीत काम संपेल. म्हणजे फेब्रुवारी, मार्च, दोन महिने चारही किलोमीटर नव्या पाटीसारखे काळे. एकतीस मार्चला तो नवव्याच्या दगडापासून चालत निघेल, बाराव्याच्या दगडाशी थांबेल, आणि पायाखाली कुठे एक ठिगळ नसेल. हे स्वप्न त्यानं बायकोशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कागदात मार्चअखेर काय असणार, ते त्याला न विचारता समजत होतं. एक लांब खड्डा.


सोमवारी सुखदेवनं गँगला सांगितलेल्या गोष्टी

बाराव्याच्या नालीतलं गवत काढा.

डांबराचे दोन ड्रम आले आहेत, उन्हात ठेवू नका.

श्रावण, विडी ड्रमपासून दूर.

बुधवारी मी सौंसरला जाईन, पेन्शनच्या कागदांसाठी.

गुरुवारी मोठे साहेब येऊन राहिले.


सोमवारी सुखदेवनं न सांगितलेली गोष्ट

एकच.


बुधवार

आता कोणत्याही गँगमध्ये जाऊन म्हणून पाहा की मोठे साहेब येऊन राहिले. पुढचं सांगावं लागत नाही. चुना कालवला जातो, गेरू भिजतो, झाडांना पट्टे बसतात, किलोमीटरचे दगड आंघोळ केल्यासारखे उभे राहतात आणि रोडवर एक खड्डा शिल्लक उरत नाही. हे कोणी शिकवत नाही. नवा माणूस आला की चार दिवसांत त्याच्या अंगात येतं.

आणि हा तर मेटाचा शेवटचा दौरा. मेटाच्या खालोखाल असलेल्या श्रावणनं पाचही जणांना सकाळी सहाला उभं केलं. दोन्ही ड्रम संपवले. भर उन्हात, जेवणाची सुट्टी न घेता.

संध्याकाळच्या बसनं सुखदेव परतला तेव्हा तो जागाच होता, खिडकीशी बसून मोजत होता. बारावा संपला. अकरावा लागला. एक गचका नाही. बस थांबायच्या आधीच त्याला कळलं, आणि आपल्याला हे सकाळपासूनच ठाऊक होतं, हेही कळलं.

श्रावण कोपरापर्यंत काळा होऊन उभा होता.

"मेट. एकेचाळीसच्या एकेचाळीस."

"एकही सोडला नाई?"

"सोडतो का जी? तुमचा आखरीचा दौरा. साहेबाची जीप अशी गेली पाह्यजे की साहेबाले डुलकी यावी."

सुखदेवनं रागवायला पाहिजे होतं. निदान सांगायला पाहिजे होतं. तो उकिडवा बसला, एका ताज्या ठिगळावरून तळवा फिरवला. कडा कापून घेतल्या होत्या, बारीक गिट्टी वर, धुम्मसाचा ठोका सगळीकडे एकसारखा बसलेला. त्यानंच शिकवलेलं सगळं.

"दाबलं चांगलं," तो म्हणाला.


घरी

त्याची बायको कुसुम दहा वर्षं त्याच गँगमध्ये होती, डोक्यावर घमेलं घेऊन. गुडघे गेले तेव्हा थांबली. तिनं ताटात भाकर वाढली, वांग्याची भाजी वाढली आणि समोर बसली.

"श्रावणची बायको सांगून राहिली होती. सारे गड्डे बुजवले म्हने."

"हं."

"तुमी तं त्या मोरेश्वर साहेबाले शब्द देल्ला होता."

"मी कुठं हात लावला? मी सौंसरले होतो."

"हो ना. हात नाई लावला." तिनं मिठाची वाटी पुढे सरकवली. "त्याईले सांगतलं होतं का, बुजवू नका म्हनून?"

सुखदेव जेवत राहिला.

"म्हनजे नाई सांगतलं."

"भाजीत मीठ बराबर हाय."

"मले ठाऊक हाय बराबर हाय. मी टाकलं." मग तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून ती जास्त चिडली. "जाता जाता नवरी सजवून पाह्यजे या मानसाले. आनि पुढच्या पावसात नवरी फसकन बसली का मंग? तवा तुमी इथं खाटेवर. तिथं कोन? तो श्रावण. त्याले मेट करून राहिले ना? सारा गाव म्हनन, सुखदेव होता तवा रोड कसा होता, आनि या बह्याडाच्या हाती गेला तं सहा महिन्यात वाटोळं. त्यानं उन्हात हात जाळून घेतले आज तुमच्यासाठी."

सुखदेवनं हा हिशोब केलाच नव्हता. त्यानं रोडचा विचार केला होता, स्वतःचा केला होता. श्रावणचा नव्हता केला.

"अजून एक भाकर वाढू का?"

"नोको."


गुरुवार, अकरा वाजता

जीप नवव्यापासून बाराव्यापर्यंत एकदा गेली, परत आली, आणि अकराव्याच्या मधोमध थांबली. मोठे साहेब उतरले. ते जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे, पायांत स्वच्छ बूट. पन्नास पावलं इकडे चालले, पन्नास तिकडे.

"मोरेश्वर, तुमने इसको जड़ से खोदने का लिखा है?"

"जी सर."

"ये सड़क? इसमें तो गड्ढा ढूँढना पड़ेगा. ऊपर की एक परत बहुत है."

मोरेश्वरचे कान लाल झाले. तो ताज्या ठिगळांकडे पाहत होता. डांबराचा वास अजून येत होता. सुखदेवकडे त्यानं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं सुखदेवला वाटलं. शिवी दिली असती तर अजून बरं.

"सर, नीचे काली मिट्टी है. मतलब नीचे से..."

"नीचे का तुम बोल रहे हो. मुझे तो ऊपर से जो दिखेगा वही लिखना है ना?" साहेब सुखदेवकडे वळले. आवाज मऊ झाला. "मेट, कितने साल हो गए?"

"बाईस, साब."

"मैंने पूरे ज़िले में ऐसा रखा हुआ रोड नहीं देखा. शाबाश."

बावीस वर्षांत कोणी मोठ्या साहेबानं त्याला नाव घेऊनसुद्धा हाक मारली नव्हती. मागे श्रावणनं शेजारच्याला कोपर मारलं. सुखदेवनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"साब, थोडा खोदके दिखाता मै."

"क्या खोदके?"

"ये. इसीच जागा. जादा टाइम नई लगता."

आणि साहेब हो-नाही म्हणायच्या आत त्यानं श्रावणच्या खांद्यावरचं टिकास घेतलं. श्रावण म्हणाला, "मेट, ते कालचं हाय जी." सुखदेव म्हणाला, "मले दिसून राहिलं," आणि पहिला घाव घातला.


खड्डा

*दोन बोटं खाली.* कालचं. अजून मऊ. टिकासाला चिकटून येतं.

*चार बोटं.* "हे पच्यांशीचं, साब. दिवाळीच्या बाद."

*सहा.* "त्र्यांशी. त्या साली इंदूचं, म्हनजे माझ्या पोरीचं, लगन होतं. वऱ्हाड सौंसरहून येनार होतं. लग्नाच्या आदल्या रोजी भरलं. वरातीची बस गचकली नाई." हे सगळं तो मराठीतच सांगत होता, हिंदी कधीच सुटली होती. साहेब अडवत नव्हते.

*आठ.* चुरा. भुसभुशीत. सुखदेवनं बोटांत धरून पाहिलं. "हे श्रावणचं. पहिल्या वर्षी. गिट्टी कमी, चुरी जास्त."

मागून श्रावण: "सारंच सांगाच का जी साहेबाले?"

*दहा.* ऐंशीचं. ऑक्टोबर. नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आला होता, गर्दीत चालून पाय सुजलेले, दुसऱ्या दिवशी सकाळी इथे.

*बारा.* इथे सुखदेव थांबला. टिकास बाजूला ठेवलं, हातानं माती झटकली. या थरातली गिट्टी एकसारखी होती, हरभऱ्याएवढी, जणू चाळणीतून काढलेली. त्याला साल आठवावं लागलं नाही. तो तापानं पडला होता त्या वर्षी, आणि गँगमधल्या बायकांना घेऊन कुसुमनं हे भरलं होतं. चार दिवसांनी तो उठून पाहायला आला तेव्हा म्हणाला होता, ठीक आहे. ठीक आहे, एवढंच म्हणाला होता. आपल्यापेक्षा चांगलं झालंय, हे त्याला तेव्हाही दिसलं होतं.

हा थर त्यानं जपून काढला. पण काढला.

*चौदा.* मूळ रोडचं डांबर. पापडासारखं. ते केव्हाच मोडलं होतं आणि तुकडे एकमेकांवर चढले होते.

*त्याच्या खाली.* सोलिंगचे, म्हणजे पायाचे, दगड पाहिजेत, शेजारी शेजारी बसलेले. एक दगड दिसला, उभा, अर्धा काळ्या चिखलात बुडालेला. दुसरा दिसलाच नाही. सुखदेवनं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, टेकवली. ठोकावी लागली नाही. हाताच्या वजनानं ती आत गेली, वीतभर, दोन वीत, आणि काढली तेव्हा त्या भोकात हळूच पाणी वर आलं.

सौंसरकडून संत्र्यांचा एक ट्रक आला, गँगनं लाल फडकं दाखवून त्याला बाजूनं काढला, आणि ट्रक जवळून जाताना खड्ड्यातलं ते पाणी थरथरत राहिलं.

साहेब उकिडवे बसले होते. स्वच्छ बुटाच्या टोकाला चिखल लागला होता.

"कल तक कितने गड्ढे थे?"

"एकेचाळीस, साब."

"किसने भरे?"

श्रावण झाडाला मारलेल्या गेरूकडे बघू लागला.

"मोरेश्वर साहेबानं मले सांगतलं होतं, भरू नका म्हनून," सुखदेव म्हणाला. "म्या गँगले सांगतलं नाई. त्याईची गलती नाई."

साहेबांनी मोरेश्वरकडे पाहिलं. "बाकी तीन?"

"धरून आहेत. मतलब, अच्छे हैं सर. नौ, दस, बारह मुरमाड ज़मीन पे हैं."

साहेबांनी पेनाचं टोक खड्ड्याच्या भिंतीला लावलं आणि वरून खाली नेलं, एकेका थराशी क्षणभर थांबत. सुखदेवला वाटलं ते मोजताहेत. मग ते उठले.

"खोदो," ते म्हणाले. जीपमध्ये बसताना पुन्हा म्हणाले, "पूरा खोदो. आधा नहीं."


निंबाखाली

"काऊन सांगितलं नाही गँगला?" मोरेश्वरनं विचारलं. जीप जाऊन अर्धा तास झाला होता.

"काळा रोड पाह्यचा होता जी. जान्याच्या आधी."

मोरेश्वरनं पिशवीतून डबा काढला. "आईनं थालीपीठ दिलंय. घ्या." त्यानं मधून मोडलं आणि मोठा तुकडा सुखदेवच्या हातावर ठेवला. "आता काळा नाही मिळायचा बरं का. डांबर मे महिन्यात पडेल. मार्चअखेर फार तर मुरूम."

"ठाऊक हाय."

"वाईट वाटतं का?"

"तिखट हाय हे," सुखदेव म्हणाला. "तुमच्या आईच्या हाताले चव हाय."


जानेवारी, फेब्रुवारी

ठिगळं निघाली ती लाद्यांसारखी, थराला थर चिकटलेली. बगीचेवाल्यांनी काही नेल्या, मोटरपंपाजवळ चिखलात टाकायला. एक लांबच लांब खड्डा, त्यातून काढलेली काळी माती, आणि बसला बाजूच्या शेतातून काढून दिलेला कच्चा रस्ता. त्यावर बस अशी हलायची की प्रवासी खिडकीतून हात काढून सुखदेवला बोलायचे. त्यातले निम्मे त्याच्या ओळखीचे. "काय मेट, जाता जाता रोडच खाऊन टाकला का?" तो हात वर करायचा. त्याला वाटलं होतं, हे मनाला लागेल. लागलं. पण रोज संध्याकाळी तो खड्ड्याच्या तळाशी उतरून सब्बल टेकवून पाहायचा, आणि ज्या दिवशी ती पहिल्यांदा आत गेली नाही, टणकन हाताला झिणझिण्या आणून उसळली, त्या दिवशी घरी जाऊन त्यानं कुसुमला ते चाळणीच्या गिट्टीचं सांगितलं. तेरा वर्षं उशिरा.

"आता सांगून राहिले," ती म्हणाली. पण त्या रात्री भाजीबरोबर शेंगदाण्याची चटणीही होती.


एकतीस मार्च

हार, शाल, एक छत्री. मोरेश्वरनं भाषण केलं, दोन वाक्यांचं. तिसरं त्याला जमलं नाही.


एक एप्रिल, सकाळी आठ

"मेट, आज तुमची हजेरी नाई लागत."

"लावू नोको."

"मंग कायले आले?"

"पाह्यले."

श्रावणच्या गळ्यात शिटी होती. नवा मेट आता तो. खड्डा पाऊणएक भरला होता. तळाशी दगडाचं भक्कम बूड, आणि त्यावर तांबूस मुरूम पसरला होता, गुडघाभर उंच बाजूंच्या मध्ये, नदीच्या कोरड्या पात्रासारखा. टँकरनं पाणी मारून झालं होतं. रोलरवाला आपल्या जागेवर चढून बसला होता.

सुखदेव चपला काठावर काढून आत उतरला. दहा पावलं गेला. वाकून मूठभर मुरूम घेतला, दाबला आणि मूठ उघडली. गोळा झाला नाही. माती बोटांतून गळून गेली.

"पानी कमी हाय."

"साहेबानं सांगतलं तेवढंच मारलं जी. दोन टँकर."

"साहेबाले बोलाव."

"तुमी रिटायर झाले ना मेट."

"म्हनून तं म्हनून राहिलो, तू बोलाव."

मोरेश्वर आला. त्यानंही मूठ भरली, दाबली, उघडली. दोघांच्या तळहातांवर तांबडी भुकटी. मोरेश्वर टँकरकडे वळला आणि एक बोट वर केलं. अजून एक टँकर.

पाणी पडत होतं तोवर तिघं काठावर उभे राहिले. मुरमाचा रंग गडद होत गेला. याच्यावर अजून गिट्टीचे दोन थर यायचे होते, मग डांबर. मे महिना उजाडला की हा थर जगात कोणालाच दिसणार नव्हता. श्रावण पाण्याच्या धारेकडे अशा नजरेनं बघत होता की सुखदेवला त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. मारली नाही. म्हणाला, "कोपऱ्यातलं सुकं राहून राहिलं, तिकडं पाह्य." श्रावण कोपऱ्याकडे धावला.

टँकर थांबल्यावर सुखदेव पुन्हा उतरला. पावलं बोटभर रुतली. वाकला, मूठ भरली, दाबली, उघडली. गोळा बसला होता. बोटांचे चारही ठसे त्यावर. त्यानं तो अंगठ्यानं जरासा ढकलून पाहिला. फुटला नाही.

त्यानं तो जिथून उचलला तिथेच ठेवला, दोन पावलं बाजूला झाला आणि रोलरवाल्याला हात केला.